थॅलेसेमियाग्रस्त बालकाचे घर आणि त्यातील निरोगी भावंड

थॅलेसेमिया मेजर या व्याधीची मुख्य चिकित्सा आपल्या हाती नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त भरणे, त्या रक्ताबरोबर शरीरात साठत जाणारे लोह औषधांनी बाहेर काढणे आणि शक्य असेल तेथे अस्थिमज्जा-प्रत्यारोपण करणे, हाच या व्याधीचा आज मान्य असलेला उपचारक्रम होय व तो रक्तरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच चालावयास हवा. मग आपल्या त्रैमासिकात या विषयास स्थान कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, रक्त भरण्यासाठी बालक शहरातील केंद्रात जाते. परंतु त्याची आई कंबरदुखीसाठी, आजी संधिवातासाठी आणि धाकटी बहीण पोटदुखीसाठी आपल्याच दवाखान्यात येतात. त्या घराची नाडी कुटुंबवैद्याच्या हाताखाली असते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या घराचा, आणि विशेषेकरून त्यातील निरोगी म्हणविल्या जाणाऱ्या भावंडाचा विचार करणार आहोत.

व्याधीचे स्वरूप थोडक्यात

आपल्या परिभाषेत हा आदिबलप्रवृत्त व्याधी होय. आई आणि वडील हे दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्यास थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, अपत्य केवळ वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एक अपत्य व्याधिग्रस्त झाले म्हणजे पुढील तीन सुरक्षित, असा जो गैरसमज आढळतो तो दूर करावा. हे प्रमाण दर खेपेस नव्याने लागू होते. भारतात दरवर्षी सुमारे १०,००० ते १२,००० बालके हा व्याधी घेऊन जन्मास येतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असले, तरी इतरांत तो नसतोच असे समजण्याचे कारण नाही.

साध्यासाध्यतेच्या दृष्टीने प्रत्यारोपण न झालेल्या बालकाचा हा व्याधी याप्य आहे. पडू पाहणाऱ्या घरास टेकू दिला असता ते उभे राहते, हा सुश्रुताचार्यांचा दृष्टांत येथे तंतोतंत लागू पडतो. टेकू नियमित राहिला तर बालक शाळेत जाते, खेळते, पुढे नोकरी करते, विवाहही करते. टेकू काढला तर काय होते, हे सांगावयास नको. म्हणूनच "आमच्या औषधाने रक्त भरणे बंद होईल" असे आश्वासन देणारा, मग तो कोणत्याही शास्त्राचा असो, त्या बालकाच्या जिवाशी खेळत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आईवडिलांचे पालकत्व

या घरास रक्त भरण्याच्या दिवसाचे स्वतंत्र पंचांग असते. रक्त भरण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन साधारणतः ९ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राखावयाचे असल्याने तारीख फार पुढे ढकलता येत नाही. आधी रक्तगट जुळविण्यासाठी नमुना द्यावयाचा, रक्तपेढीत पिशवी आहे की नाही याची चौकशी करावयाची, उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तदाते घटले की वडिलांनी कारखान्यातील सहकाऱ्यांना विनवावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो. आई पहाटे डबे करून निघते व दुसऱ्या मुलाची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवते. ही शेजारच्या काकूंकडील किल्ली वैद्याने लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

घरात दोषारोप सुरू होतात ते निदानाच्याच आठवड्यात. सुनेच्या माहेरी काहीतरी असणार, अशी कुजबुज होते. दोन्हीकडून दोष आल्यावाचून हा व्याधी होऊच शकत नाही, एवढे एक वाक्य सासूसासऱ्यांसमोर, वडीलधाऱ्या आवाजात, वैद्याने उच्चारले तरी त्या घरातील मातेच्या मनावरील मोठे ओझे उतरते. तज्ज्ञ डॉक्टरांनीही ते सांगितलेले असते. परंतु ते आईवडिलांना सांगितलेले असते, आजीला नव्हे.

चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. आजारी बालकाची आई हीच त्याची आजन्म परिचारिका होते आणि तिच्या ठिकाणी अनुराग इतका वाढतो की कित्येकदा दक्षतेस तो मारक ठरतो. बालक रडते म्हणून लोह काढण्याची गोळी एखादे दिवशी टाळली जाते. ते थकेल म्हणून मैदानावर पाठविले जात नाही. त्याने बहिणीची वही फाडली तर "जाऊ दे, त्याला बरे नाही" एवढ्यावर प्रकरण मिटते. अशा रीतीने एका घरात दोन कायदे चालू होतात. आजारी मुलास सर्व माफ, आणि निरोगी मुलास, ते निरोगी आहे म्हणून, काहीच माफ नाही.

याचा परिणाम आजारी मुलावरही होतो. सात-आठ वर्षांचे बालक आपल्या व्याधीचे वजन अचूक ओळखते. हट्ट पुरविला जातो त्याअर्थी आपण लवकर मरणार आहोत, असा निष्कर्ष काढणारी बालके आमच्या पाहण्यात आहेत. त्यास घरकामातील एखादे लहान काम नेमून देणे, चूक झाल्यास भावंडाइतकेच रागावणे, शाळेचा अभ्यास पुरा करून घेणे, हे त्यास दिलेले दीर्घायुष्याचे आश्वासनच असते. शब्दांनी दिलेल्या आश्वासनापेक्षा मुलांचा त्यावर अधिक विश्वास बसतो.

निरोगी भावंड

आता मुख्य विषय. हे भावंड आपल्याकडे येते ते उदरशूल, शिरःशूल, अरुची, मलप्रवृत्तीतील बिघाड किंवा सुटलेले शय्यामूत्र पुन्हा सुरू होणे, अशा तक्रारींसह. आई घाईत असते. "याला पण आत्ताच व्हायचं होतं," असे ती त्याच्यादेखत म्हणते. वैद्याने कृमिघ्न किंवा पाचक औषध देऊन मोकळे व्हावे, अशी तिची अपेक्षा असते.

एक उदाहरण देतो. नऊ वर्षांची मुलगी. सहा वर्षांचा भाऊ थॅलेसेमियाग्रस्त. नाभीभोवती दुखणे व त्या दिवशी दोन-तीन वेळा पातळ मलप्रवृत्ती, असे पाच महिन्यांपासून चाललेले. मल-मूत्र तपासणी व पोटाची सोनोग्राफी निर्दोष. जंतांचे औषध दोनदा झालेले. आम्ही तक्रारीच्या तारखा विचारल्या असता आईस सांगता येईनात. मुलीस मात्र सांगता आल्या. दर तिसऱ्या आठवड्यातील सोमवार व मंगळवार. सोमवारी भावाचा नमुना, मंगळवारी रक्त. मंगळवारी शाळा सुटल्यावर शेजारच्या काकूंकडे किल्ली.

आईस बाहेर बसवून मुलीशी बोलताना तीन गोष्टी कळल्या. आपणास भावाचा राग आला होता तेव्हा तो मरावा असे आपण मनात म्हटले होते व म्हणून तो आजारी पडला, असे ती समजत होती. वस्तुतः निदान झाले तेव्हा भाऊ अवघ्या आठ महिन्यांचा होता. दुसरे, आपलाही रंग भावासारखाच फिका आहे तेव्हा एक दिवस आपणासही सुई लागणार, अशी तिला खात्री होती. आणि तिसरे, रक्त "भरतात" म्हणजे नेमके काय करतात हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. भावाचे सगळे रक्त आधी काढून टाकतात, अशी तिची कल्पना होती. एवढे मनात घेऊन ही मुलगी काकूंच्या ओट्यावर बसून गृहपाठ करीत होती.

चरकसंहितेत अतिसाराच्या भेदांत भयज व शोकज अतिसार स्वतंत्रपणे गणलेले आहेत आणि त्यांच्या चिकित्सेत वातहर उपक्रमांबरोबर हर्षण व आश्वासन यांचा निर्देश आहे. परीक्षेसाठी आपण सर्वांनी हे पाठ केले. नऊ वर्षांच्या मुलीच्या ठिकाणी ते ओळखण्यासाठी केवळ तारखा विचाराव्या लागतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भावंड मनाने त्रस्त आहे म्हणून प्रत्येक पोटदुखी मनाची ठरवू नये. झोपेतून उठविणारी वेदना, नाभीपासून दूर एका जागी स्थिर असलेली वेदना, वजन घटणे, उंची न वाढणे, मलातून रक्त, वारंवार ज्वर वा वांती यांपैकी काहीही असल्यास प्रथम संपूर्ण तपासणी व्हावयास हवी. या घरातील दुसऱ्या मुलाचे दुखणे सर्वात उशिरा तपासले जाते, हाही आमचा अनुभव आहे.

वरील मुलीस औषध म्हणून आम्ही फार थोडे दिले. आईस मात्र एक उपक्रम लिहून दिला : रोज रात्री निजण्यापूर्वी मुलीच्या पोटास, पाठीस व तळपायांस कोमट तीळतेलाचे अभ्यंग, दहा मिनिटे, आईनेच स्वतःच्या हाताने करावयाचे, दुसऱ्या कोणी केलेले चालणार नाही. वाचक वैद्यांच्या लक्षात यातील हेतू आला असेलच. अशा मातेस "मुलीला वेळ द्या" असे सांगितले तर तिच्या अपराधी भावनेत भर पडते आणि वेळ काही मिळत नाही. तेच चिठ्ठीवर मात्रा व कालासह लिहून दिले, की ती ते औषध म्हणून निष्ठेने पार पाडते, व घरातील इतरही त्या दहा मिनिटांत तिला हाक मारीत नाहीत. तैलाचा वातशामक गुण आहेच. त्याशिवाय दिवसातून एकदा आई पूर्णपणे आपली आहे, हे मुलास कळते. बहुतेक सर्व बोलणे त्या दहा मिनिटांतच होते.

वडिलांस आम्ही पुढील खेपेस मुलीला सुट्टीच्या दिवशी केंद्र दाखवून आणण्यास सांगितले. पिशवी, नळी, शेजारच्या खाटेवर चित्रे रंगविणारी मुले हे तिने पाहिले. तीन महिन्यांत पातळ मलप्रवृत्ती थांबली. पोटदुखी मधूनमधून होते; पूर्ण गेली असे आम्ही म्हणणार नाही.

वयाप्रमाणे या भावंडांचे रूप पालटते. पाच वर्षांखालील मूल आईपासून दूर राहण्याने कासावीस होते, बोबडे बोलू लागते, पुन्हा बाटलीने दूध मागते. त्यास कारणे सांगण्याऐवजी आई केव्हा परत येईल हे त्याला कळेल अशा खुणेने सांगावे, जसे "दुपारचे झोपून उठलास की". वाढत्या वयातील मुलाची तऱ्हा निराळी असते. ते तक्रार करीतच नाही. विशेषतः मोठी बहीण असेल तर बारा-तेराव्या वर्षीच ती घराची दुसरी आई होते, स्वयंपाक करते, गोळ्यांच्या वेळा सांभाळते आणि नातेवाईक तिचे तोंडभरून कौतुक करतात. या कौतुकाची आम्हांस नेहमी धास्ती वाटते. अशी मुलगी मासिक पाळीच्या तक्रारीसाठी आली असता तिच्या जेवणाच्या व झोपेच्या वेळा विचाराव्यात. ती शेवटी जेवते व शेवटी झोपते असे बहुधा आढळते. तिच्याकडील एक तरी काम काढून घ्यावयास पालकांना सांगणे, हा तिच्या चिकित्सेचा भाग समजावा.

एका घरी दहा वर्षांच्या मुलाकडे गव्हांकुरांच्या सात कुंड्यांची जबाबदारी होती. रोज एक कुंडी पेरावयाची, रोज एक कापावयाची व तिचा रस बहिणीला द्यावयाचा. गव्हांकुराच्या रसाने रक्त भरण्याची गरज संपते असा पुरावा नाही, हे आम्ही त्या पालकांना सांगितले. परंतु आमचे लक्ष त्या मुलाकडे होते. एका आठवड्यात पेरणी चुकली व त्याच सुमारास बहिणीचे हिमोग्लोबिन अधिक उतरले, तेव्हा ते आपल्यामुळे झाले असे त्याने मानले. घरगुती उपायांची कामे भावंडांवर सोपविताना हा धोका कोणाच्या ध्यानी येत नाही.

लोहकल्पांविषयी, विशेषतः औषधविक्रेत्यांसाठी

मूल पांढुरके दिसते, थकते, म्हणजे पांडु. आणि पांडु म्हणजे लोह, हा आपला नेहमीचा विचार या घरात घातक आहे. भरलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते व शरीरास दिवसाकाठी १ ते २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह स्वतःहून टाकता येत नाही. उरलेले यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथींत साठते. त्यामुळे थॅलेसेमिया मेजर असलेल्या बालकास लोहभस्म, मंडूर, कासीस, स्वर्णमाक्षिक, लोहासव, नवायस लोह, पुनर्नवा मंडूर यांपैकी काहीही देऊ नये. आमलकीप्रधान कल्पांनी लोहाचे शोषण वाढू शकते. म्हणून च्यवनप्राशासारखी वस्तूही तज्ज्ञांना विचारल्यावाचून चालू ठेवू नये, आणि त्यात भस्मे घातलेली आहेत काय हे वेष्टनावर पाहावे.

हे सर्व चिठ्ठीवाचून दुकानात मिळते, ही खरी अडचण आहे. रक्तवाढीचे औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकास "कोणासाठी, आणि त्यास रक्त भरतात काय?" एवढे दोन प्रश्न विक्रेतेबंधूंनी विचारावेत, अशी विनंती आहे. एका बाटलीची विक्री जाईल, एवढीच तोशीस.

निरोगी भावंडाबाबतही हाच प्रमाद घडतो. ते वाहक असेल तर त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी व रक्तपेशी आकाराने लहान असतात. ते अहवालावर लोहन्यूनतेसारखेच दिसते, आणि वर्षानुवर्षे त्यास लोह दिले जाते. आईला वाटते हेही मूल त्याच वाटेने चालले. हिमोग्लोबिन ए२ चे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास ते बहुधा वाहक होय. लोहाची कमतरता त्याला असूही शकते, पण ती फेरिटिन तपासून सिद्ध करावी, मगच लोह द्यावे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे मुलास व पालकांस एकत्र बसवून सांगावे.

मज्जा जुळणारे व न जुळणारे भावंड

प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावंडाची एच.एल.ए. चाचणी करतात. एका भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के. लहान वयात, लोहाचे दुष्परिणाम होण्यापूर्वी केलेले प्रत्यारोपण अधिक यशस्वी होते. त्यामुळे पालकांची घाई समजण्यासारखी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून या शस्त्रक्रियेसाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य दिले गेल्यामुळे पूर्वी केवळ श्रीमंतांचा वाटणारा हा मार्ग काही सामान्य कुटुंबांसही खुला झाला.

चाचणीपूर्वी त्या भावंडास काय सांगितले जाते? बहुतेक वेळी "थोडेसे रक्त तपासायचे आहे" एवढेच. अहवाल जुळला की ते मूल एका रात्रीत घरातील रत्न होते. न जुळला की आईच्या डोळ्यांतील पाणी पाहून आपण काहीतरी परीक्षा नापास झालो असे त्यास वाटते. आमची शिफारस अशी की, चाचणीपूर्वीच त्याला सांगावे : चार भावंडांत सरासरी एकाचेच जुळते, यात कोणाचीही हुशारी वा चूक नाही. जुळल्यास भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, काही दिवस दुखते, आणि ती मज्जा शरीर पुन्हा तयार करते, हेही लपवू नये. प्रत्यारोपण अयशस्वी झाल्यास दात्या भावंडाकडे विशेष लक्ष ठेवावे. आपली मज्जा वाईट होती, असे ते म्हणून दाखविणार नाही, पण तसे समजण्याचा संभव असतो.

पुढील गर्भारपणी १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या वारेचा अंश तपासून निदान करता येते व ते करून घ्यावयास आपण आग्रहाने सांगावे. तथापि अहवाल निर्दोष आल्यावर घरात "सुटलो बाई एकदाचे" असे जे उद्गार निघतात, ते आजारी मूल ऐकत असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलास त्याचा अर्थ लागतो. आनंद व्हावा, पण शब्द जपून वापरावेत, ही सूचना आम्ही आता अहवाल येण्यापूर्वीच देऊन ठेवतो.

वाहक भावंडाचा विवाह

शेवटचा प्रश्न सर्वात नाजूक. भाऊ थॅलेसेमियाग्रस्त आहे हे कळले तर मुलीचे जमणार नाही, या भीतीने पालक मुलीची तपासणीच टाळतात, किंवा झालेली तपासणी तिच्यापासूनही लपवितात, आणि आपणासही मौन बाळगण्याची गळ घालतात. व्याधिग्रस्त बालकाच्या निरोगी भावंडांपैकी सरासरी तिघांत दोघे वाहक असतात. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास अपत्यास थॅलेसेमिया मेजर होत नाही. म्हणजे लपविण्याने जे टाळावयाचे, तेच ओढवून घेतले जाते; कारण तपासणी न झालेल्या मुलीस समोरच्याची तपासणी मागण्याचे कारणच ठाऊक नसते. बाहेरच्यांस काही न सांगण्याचे वचन आम्ही पालकांना आनंदाने देतो. मुलीस न सांगण्याचे वचन देत नाही.

असा अहवाल भावाच्या जाड फायलीत पडून राहतो व घर बदलताना हरवतो. तो त्या भावंडाच्या नावाच्या स्वतंत्र पाकिटात, शाळा सोडल्याच्या दाखल्याशेजारी ठेवावा, आणि अठराव्या वर्षी त्यास दवाखान्यात एकट्याने बोलावून त्यातील ए२ चा आकडा त्याच्याचकडून वाचून घ्यावा. आम्ही केसपेपरवर आजारी बालकाच्या नावाखालीच भावंडांची नावे, जन्मवर्षे व तपासणी झाल्याची तारीख लिहून ठेवतो. तारखेची जागा रिकामी असेल, तर पुढील भेटीत पहिला प्रश्न तोच असतो.